धुरपताबाईंचा खडा

बोरीचे आप्पाराव मास्तर माणूस म्हणून सोन्यासारखे, पण ताठा असा, की वहाण उलटी पडली तर वाकून सरळ करायचे नाहीत, पायानंच उलथत बसायचे. त्यांची सगळी तालीम निजामाच्या अमदानीत उर्दूत झालेली. फारसी शेर तोंडपाठ, अक्षर मोत्यासारखं. इंग्रजी मात्र ते एका जाडजूड व्याकरणातून उर्दूच्या आधारानं शिकले होते, आणि त्या पुस्तकातले नियम त्यांना झोपेतून उठवून विचारले तरी सांगता यायचे.

पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, शाळा मराठी झाली आणि चार-पाच वर्षांनी खात्याचा हुकूम आला. वरच्या वर्गांना इंग्रजी शिकवणाऱ्यांनी परभणीला येऊन इम्तिहान द्यायचा. कागदावर इंग्रजीची शंभर वाक्यं, प्रत्येकापुढं बरोबर का चूक एवढीच खूण करायची. दोनदा नापास झाला त्याचे वरचे वर्ग गेले, बदली परगावी, आणि तिथं पहिलीच्या पोरांची बाराखडी गिरवून घ्यायची.

मास्तर पहिल्यांदा गेले आणि शंभरात त्रेचाळीस घेऊन आले.

"डोळे मिटून खुणा केल्या असत्या तरी पन्नास बरोबर आल्या असत्या की," वच्छलाबाई म्हणाल्या. बायको होती, बोलायचा हक्क होता. बाई खोटं बोलत नव्हत्या. घोडं कुठं पेंड खात होतं ते मास्तरांना ठाऊक होतं. वाक्य समोर आलं की पहिला नियम म्हणायचा बरोबर, दुसरा म्हणायचा चूक, आणि तिसरा आठवेपर्यंत घंटा व्हायची.

आता एकच संधी उरली होती, तीन महिन्यांनी. वय बेचाळीस. परगावी जाऊन बाराखडी घोटायची या विचारानंच त्यांना जेवण जाईना.

शाळा चावडीत भरायची आणि चावडीच्या समोरच मास्तरांची ओसरी. शाळा सुटली की ते ओसरीवर बसून व्याकरणाच्या सरावातली बरोबर-चूक मिसळलेली वाक्यं मोठ्यानं वाचायचे. पलीकडच्या कोपऱ्यात धुरपताबाई वर्षाची जवारी निवडत बसलेल्या असायच्या. साठीची विधवा बाई, घरोघर धान्य निवडून पोट भरायची. तरुणपणी नवरा गेल्यावर ती जालन्याकडं एका मिशनच्या दवाखान्यात कामाला लागली, आणि तिथल्या गोऱ्या डॉक्टर मडमेच्या हाताखाली तिनं बावीस वर्षं बाटल्या उकळल्या, पेशंटांची उशापायथ्याला सेवा केली. मडम विलायतेला परत गेली तशी बाई भावाच्या आसऱ्याला बोरीला आली. अक्षर एक ओळखीचं नव्हतं. अंगठा उमटवायची.

एक दिवस मास्तरांनी वाचलं, "व्हाय यू आर क्राइंग?" आणि धुरपताबाईंचा हात सुपात थांबला.

"मास्तर, ते असं न्हाई म्हणत."

"काय न्हाई म्हणत?"

"व्हाय आर यू क्राइंग. मडम पेशंटाच्या उशाला बसून रोज हेच इचारायच्या. तुमचं आयकून दाताखाली खडा आल्यावानी झालं."

मास्तरांनी पुस्तक उघडलं, तीन नियम लावून बघितले. तिन्ही नियम बाईंच्या बाजूनं. मग त्यांनी मुद्दाम आणखी दहा वाक्यं वाचली, अवघड अवघड निवडून. जिथं चूक होती तिथं बाईंचा हात थांबला, नव्हती तिथं चालत राहिला. एकदाही फसला नाही.  अहो, मास्तरांनी वीस वर्षं जे पुस्तकात शोधलं ते या बाईच्या कानात होतं.

"तुमाला इंग्रजी बोलता येतं?"

"कुठलं वो. आपल्या मनानं बोलता न्हाई येत, आयकलेलं तेवढं म्हणता येतंय. पर नासकं असलं की कानाला कळतंय."

दुसरा कुणी असता तर त्यानं तिथंच हात जोडले असते. पण ताठा आडवा आला. मास्तरानं निवडणाऱ्या बाईकडून शिकायचं, तेही चावडीसमोर? गाव दात काढील. म्हणून त्यांनी एक शक्कल काढली. बाईंनी तोंड उघडायचं नाही. मास्तर वाक्य वाचतील, चूक असलं की बाईंनी सुपातला एक खडा शेजारच्या पितळी ताटलीत टाकायचा. टण्ण वाजलं की मास्तर फुली मारतील. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटेल, बाई जवारी निवडायलीय आणि मास्तर अभ्यास करायलाय.

"जशी तुमची मर्जी," धुरपताबाई म्हणाल्या, आणि गालात हसल्या.

आठ-दहा दिवस झकास चाललं. मग एक दिवस मास्तरांनी ओळीनं तीस वाक्यं वाचली आणि ताटली एकदाही वाजली नाही. मास्तर हरखले. तीसच्या तीस बरोबर म्हणून खुणा केल्या आणि आत जाऊन चहा सांगितला.

"आजची वाक्यं लय सोपी व्हती का वो?" चहा पिता पिता त्यांनी विचारलं.

"सोपी कुठली? निम्मी नासकी व्हती."

"मग खडा का न्हाई टाकला?"

"सुपात खडाच न्हाई तर टाकू काय?" धुरपताबाई म्हणाल्या. "आज सारी जवारी चाळूनच आलीय."

चूल फुंकता फुंकता वच्छलाबाई आतून म्हणाल्या, "मीच चाळली. म्हातारीच्या डोळ्याला तेवढाच आराम. मला काय ठाव तुमची शाळा खड्यावर चालतीय म्हणून?" आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"तोंडानं सांगायचं व्हतं की," मास्तर चिडले.

"तुमीच म्हणलात तोंड उघडायचं न्हाई." धुरपताबाईंनी सूप खाली ठेवलं. "मास्तर, रागावू नका. तुमचे डोळे माझ्या हातावर असत्यात आणि कान घरी. परभणीला माझा हात येणार हाय का?"

मास्तरांनी पुस्तक मिटलं. बाईंनी सूप उचललं आणि सरळ त्यांच्या मांडीवर दिलं.

"तुमी निवडा. मी बोलते. मडमेचंही बोलते आणि नव्या नर्सा यायच्या त्यांचं वाकडंतिकडंही बोलते. नियम आठवायचा न्हाई. हात आपसूक थांबंल तिथं चूक."

भर दुपारी, चावडीच्या तोंडासमोर, मास्तर सूप घेऊन बसले. पहिल्या दिवशी त्यांचा हात कुठंही थांबायचा. कधी बरोबर वाक्याला थांबायचा, कधी खरोखरच्या खड्याला. गावचे माणिकराव रस्त्यानं जाताना उभे राहिले आणि म्हणाले, "मास्तर, निवडून झालं की दळून बी घ्या. भाकरी मात्र गोल थापा." चावडीतले सगळे खो खो हसले. मास्तरांचे कान तापले, पण त्यांनी सूप सोडलं नाही. नोकरीपुढं लाज किती दिवस धरणार?

आणि धुरपताबाईंची ती शिकवणी काय सांगावी. बावीस वर्षांचा दवाखाना त्यांच्या तोंडून बोलायचा. पाणी उकळलं का, मूल कधी झालं, रडतेस का, दार लावून घे, सगळं इंग्रजीत. प्रत्येक वाक्याला मडमेचा आवाज, मडमेची चाल. वाचता न येणाऱ्या बाईनं एवढं सगळं कानात जपून कसं ठेवलं असेल याचं मास्तरांना रोज नवल वाटायचं. महिन्याभरानं मास्तरांचा हात तिथंच थांबायला लागला, जिथं बाईंचा थांबायचा. आणि गंमत म्हणजे आता पुस्तक उघडलं की नियमही गुपचूप येऊन आपापल्या जागी बसायचे.

परभणीला मास्तरांनी शंभर वाक्यं तासाच्या आत संपवली. डावा हात बाकावर नसलेली जवारी निवडत होता. शंभरात ब्याण्णव पडले, त्या वेळचे सगळ्यांत जास्त. इन्स्पेक्टर साहेबांनी चाळीस मास्तरांसमोर त्यांना उभं केलं आणि विचारलं, "आप्पाराव, गेल्या खेपेला त्रेचाळीस, आता ब्याण्णव. कुणाकडं शिकलात?"

जिभेवर नाव होतं. पण चाळीस जोडी डोळे बघून मास्तर म्हणाले, "घरीच अभ्यास केला, साहेब."

टाळ्या पडल्या. मास्तर पेढे घेऊन बोरीला आले. धुरपताबाईंनी पेढा कपाळाला लावून खाल्ला आणि विचारलं, "सायबानं काय इचारलं?" मास्तर म्हणाले, "काही न्हाई." नोकरी वाचली होती, वरचे वर्ग राहिले होते, आणि तरी तो पेढा मास्तरांच्या घशाखाली उतरला नाही. पुढं कित्येक दिवस बाई ओसरीवर आल्या की ते काहीतरी काम काढून चावडीत जाऊन बसायचे. शिकून बाराखडी टळली, पण माणूस म्हणून आपण नापास झालो, हे त्यांना आतून कुरतडत होतं.

दिवाळीनंतर तेच इन्स्पेक्टर तपासणीला बोरीत आले. चावडीत पोरं ओळीनं बसली, दारात माणिकराव आणि गावचे चार लोक. समोर ओसरीवर धुरपताबाई नेहमीसारख्या निवडत होत्या. साहेबांनी पोरांकडं बघितलं, पोरं घाबरून गप्प. साहेब ऐटीत मोठ्यानं म्हणाले, "व्हाय यू आर सो सायलेंट?"

टण्ण.

सगळ्या चावडीला ऐकू गेलं. सवयीनं टाकला होता बाईंनी. टाकल्यावर त्यांनी जीभ चावली.

"कसला आवाज हा?" साहेबांनी विचारलं.

काही नाही साहेब, म्हातारी जवारी निवडायलीय, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. साहेबांच्या एका शेऱ्यावर मास्तरांची नोकरी पुन्हा टांगणीला लागू शकत होती. मास्तरांनी ओसरीकडं बघितलं. बाई मान खाली घालून बसल्या होत्या, स्वतःच काही गुन्हा केल्यासारख्या.

"साहेब, तुमचं वाक्य चुकलं," मास्तर म्हणाले. "त्या धुरपताबाई. चूक ऐकली की त्या खडा टाकतात. परभणीला तुम्ही विचारलंत कुणाकडं शिकलात, तेव्हा मी घरीच म्हणालो. घरीच शिकलो, पण यांच्याकडं. नाव मी लाजेनं गाळलं. त्यांना अक्षर येत नाही आणि माझी ब्याण्णवच्या ब्याण्णव वाक्यं त्यांची आहेत."

 साहेबांचा चेहरा आधी लाल झाला. मग त्यांनी आपलंच वाक्य तोंडातल्या तोंडात दोनदा घोळवलं, आणि तिसऱ्यांदा घोळवताना त्यांना हसू आलं. ते उठले, रस्ता ओलांडून ओसरीपाशी गेले, आणि त्यांनी धुरपताबाईंना नमस्कार केला. माणिकरावांनी डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला, कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

जाताना साहेबांनी शाळेच्या शेरेबुकात इंग्रजीत एक ओळ लिहिली. गाडी गेल्यावर मास्तर शेरेबुक घेऊन ओसरीवर आले आणि सगळ्या गावासमोर धुरपताबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. ताठ माणूस, वाकायला वेळ लागला, पण वाकले.

"ऊठ बाबा," बाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांनी मास्तरांना एकेरी हाक मारली. "काय लिवलंय ते वाच."

मास्तरांनी मोठ्यानं वाचलं, "धुरपताबाई ऑफ बोरी हॅज अ बेटर इअर दॅन माइन." मग पोरांसाठी मराठीत सांगितलं, की बोरीच्या धुरपताबाईंचा कान माझ्यापेक्षा चांगला आहे असं साहेब म्हणतात.

बाईंच्या चिमटीत एक खडा होता. सगळं गाव त्या चिमटीकडं बघत होतं. धुरपताबाईंनी ते वाक्य मनातल्या मनात एकदा ऐकून घेतलं, डोळे पुसले, आणि तो खडा ओसरीखाली मातीत टाकून दिला. ताटली वाजली नाही.