एक कोयता, मोठ्या साइजमध्ये

माणसाचा फोटो काढणं सोपं असतं. त्याच्या मागे काय दिसायला हवं, हे ठरवण्यात फोटोवाल्याचं निम्मं आयुष्य जातं. नगरच्या सावेडीत माझा स्टुडिओ आहे. लग्न ठरलेल्या प्रत्येक जोडप्याला जगावेगळं लोकेशन हवं असतं आणि मी जगावेगळं दाखवलं की दोघं एकमेकांकडे बघून म्हणतात, "त्यापेक्षा चांदबीबी महालावरच जाऊ ना." त्या महालाच्या पायऱ्यांवर मी इतकी जोडपी बसवली आहेत, की तिथल्या कुत्र्यांनाही आता मान तिरकी करून लांब बघता येतं. त्यामुळे कुणी "जागा तुमीच बघा" असं म्हणालं, की तो माणूस मला देवासारखा वाटतो.

कारभारी असाच देवासारखा फोनवर आला. शेवगावच्या पलीकडच्या गावातला, बोलणं असं की फोन नसता तरी सावेडीपर्यंत ऐकू आलं असतं.

"फोटो काढायचा हाय. मोठ्या साइजमधी. नव्या घराच्या भिंतीवर लावायचा."

"कुणाचा?"

"एका कोयत्याचा."

मला नवल वाटलं नाही. मी शर्यतीच्या बैलांचे फोटो काढलेत, नव्या ट्रॅक्टरचे हार घालून काढलेत. मग कारभारीने सांगितलं की लग्न झाल्यापासून प्रत्येक हंगामात ऊसतोड केली, यंदा लेक नर्स झाली आणि तिने शपथ घातली, आता फडात पाय ठेवायचा नाही. हे ऐकून मी अगदी विरघळलो. जन्मभर चालवलेलं हत्यार भिंतीवर मानाने लावणारा माणूस! अशी गिऱ्हाइकं कुठे मिळतात?

"मग एक करा," मी म्हणालो. "येताना कोयता चांगला घासूनपुसून आणा. चमकला पाहिजे."

पलीकडे कारभारी इतका हसला, की त्याला ठसका लागला. "आनतो की! घासूनपुसून आनतो!"

जागा शोधायला मी दोन दिवस स्कूटर पिदडली. शेवटी काष्टीला माझा मित्र बजरंग याच्या शेतावर गेलो आणि बघतच राहिलो. उभा ऊस, त्याला आलेले पांढरे तुरे आणि मागून पडणारं तिरपं ऊन. मी टाळीच वाजवली.

"तुरा आला म्हणजे उसाचं वजन घटलं," बजरंग वैतागून म्हणाला. "माझं नुकसान आन तुला शोभा दिसतीय."

मी म्हटलं, कोयत्याच्या मागे ऊस नाही तर काय गुलाब लावायचे?

शनिवारी दुपारी माळीवाडा स्टँडवर मी मित्राची गाडी घेऊन उभा होतो. शेवगावच्या एसटीतून कारभारी उतरला. कडक इस्त्रीची पांढरी टोपी, नवा सदरा. त्याच्या मागून त्याची बायको उतरली, लंकाबाई. मोरपंखी साडीची घडी त्याच दिवशी मोडलेली, डोक्यात अबोलीचा गजरा. दोघांच्या हातात एक पिशवीसुद्धा नव्हती.

"कोयता कुठंय?" मी विचारलं.

"ह्यो काय!" कारभारीने स्वतःच्या छातीवर हात ठेवला, मग बायकोकडे बोट केलं. "घासूनपुसून आनलाय."

तेव्हा मला उलगडा झाला. तोडीच्या भाषेत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम टोळीत माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. एकटा गडी असला तर तो अर्धा कोयता. नगर जिल्ह्यात जन्मून मला हे ठाऊक नव्हतं. मी सांगितलं, मला वाटलं लोखंडाचाच, आणि कारभारी पुन्हा ठसका लागेपर्यंत हसला. मीही हसलो. लंकाबाई हसली नाही. "कोयता म्हून सांगितलं व्हय तुमी?" एवढंच ती नवऱ्याला म्हणाली आणि गाडीत बसली.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात ते पांढरे तुरे नाचत होते. जोडपं तर जोडपं, उलट जास्तच छान, असं म्हणून मी गाडी दौंड रस्त्याला घातली. वाटेत तिने एकदाच विचारलं, "तितं बाग हाय का?"

"बागेपेक्षा भारी आहे, ताई. तुम्ही बघाच."

बजरंगच्या बांधाशी गाडी थांबली. मी उतरलो, कारभारी उतरला. लंकाबाईने काचेतून उसाकडे पाहिलं आणि ती जागची हलली नाही.

"ताई, उतरा की. ऊन जाईल."

"उसाम्होरं न्हाई."

"अगं, त्यांनी एवढी जागा शोधली," कारभारी समजुतीने म्हणाला. "उभं ऱ्हायाला काय जातंय? दोन मिंटाचं काम."

"तुमाला काय जातंय?" आता तिचा आवाज वाढला. "माजं लगीन हंगामाच्या तोंडावर लावलं. का? तर तुमचा कोयता पुरा व्हावा म्हून. हळद निघाली न्हवती अंगाची तवा मी फडात हुते. फोटो न्हाई का वरात न्हाई. समदी म्हनली, कारभाऱ्याचा कोयता झाला. बायको झाली असं एकानंबी म्हनलं न्हाई. आन आज जलमात पैल्यांदा फोटो काढाया निगाले, तर तितंबी कोयताच! वर मागं ऊस!"

तिने पदराचं टोक डोळ्याला लावलं आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. कारभारी टोपी काढून हातात घेऊन उभा राहिला. "समदे तसंच म्हनत्यात," एवढ्या मोठ्या आवाजाचा तो माणूस पुटपुटला. "माज्या तोंडात बसलंय ते."

मला माझाच राग आला. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. मी मात्र दुसऱ्याच्या राबण्याची जागा शोभेसाठी निवडली होती. आणि तुरे छान आहेत म्हणून खूश होतो. कसायाने आपला फोटो खाटीकखान्यात काढावा, असं मी त्याला सांगितलं असतं का? मी कॅमेरा पिशवीत घातला आणि गाडीच्या दाराशी जाऊन उकिडवा बसलो.

"चुकलं, ताई. तुम्ही सांगाल तिथं काढू. तुम्हाला कुठं आवडेल?"

असा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नसावा, कारण तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मला कुठं काय ठावं? फड ठावं. कोपी ठावं. पाचटाची झोपडी ती, फोटोत काय घ्यायची?"

"बरं, मग असं सांगा. हातातलं काम टाकून तुम्ही निवांत कुठं बसला होता?"

"निवांत?" ती कडू हसली. मग तिने आपल्या हातांकडे पाहिलं. उसाच्या पात्यांनी चिरलेले, जागोजागी घट्टे पडलेले हात. "बांगड्या भरताना," ती हळूच म्हणाली. "तवा हात दुसऱ्याच्या हातात असतो. काम करायचं म्हनलं तरी करता येत न्हाई. पर फडात काच टिकत न्हाई, म्हून लई येळा भरल्या न्हाईत."

काष्टीचा आठवड्याचा बाजार शनिवारीच असतो. कारभारी आणि मी एकदमच गाडीत शिरलो.

बाजारात माणसांची, मेथीच्या जुड्यांची, शेरडांची गर्दी. कडेला केशरबाई कासारणीचं दुकान लागलं होतं. ताडपत्रीच्या सावलीत दोऱ्यांना काचेच्या बांगड्यांचे सर सोडलेले, हिरवे, लाल, जांभळे. उन्हाची तिरीप आत आली की मागचा पडदा रंगीत होत होता. इतकी वर्षं मी नगर जिल्हा पालथा घातला आणि अशी भिंत मला कधी दिसली नव्हती. कशी दिसणार? मी बांगड्या भरायला थोडाच बसलो होतो!

केशरबाईने लंकाबाईचा हात आपल्या मांडीवर घेतला, चोळला, दाबला. "लई राठ झालाय गं, बाई. सैल सोड." घट्ट्यांवरून बांगडी सरकेना, तेव्हा तिने तेल लावलं आणि एकेक करत हिरवा चुडा चढवला. सगळा वेळ लंकाबाई दुसऱ्या हातावर डोळे लावून बसली होती, जणू त्याची पाळी कधी येतेय ते बघत होती. दोन्ही हात भरून झाले आणि तिने वाकून केशरबाईला नमस्कार केला.

मग मी त्या दोघांना बांगड्यांच्या सरांपुढे उभं केलं. कारभारी पुढे उभा राहिला आणि ती त्याच्या पाठीमागे, दोन पावलांवर.

"ताई, शेजारी या." ती आली, पण मी कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत पुन्हा मागे सरकली. तीनदा असंच झालं. तिसऱ्यांदा मात्र कारभारीच्या लक्षात आलं.

"फडात तसंच असतं," तो मला म्हणाला. "म्होरं मी तोडीत जायाचं, मागं तिनं मोळी बांधायची. तिची सवय हाय." एवढं बोलून तो थांबला. बायकोला पुढे ओढायच्या ऐवजी तो स्वतः दोन पावलं मागे गेला आणि तिच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला.

केशरबाई हे सगळं गालात हसत बघत होती. दुकान चालवणारी बाई ती, गप्प कशी बसेल? "पाव्हनं, एवढं जपून उभं ऱ्हायलात. कोन म्हनायची ही तुमची?"

कारभारीने घसा खाकरला. त्याने एकदा बाजारावर नजर टाकली, आणि मग शेरडांच्या बाजारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "बायको हाय माजी!"

चार माणसं वळून बघायला लागली. लंकाबाईचा चेहरा असा काही फुलला, की मी कॅमेरा छातीशी धरून नुसता बघत राहिलो. इतक्या वर्षांचा धंदा आणि नेमका तो क्षण हुकला.

"परत एकदा," मी ओशाळून म्हणालो. मला म्हणायचं होतं, तसंच उभे राहा.

लंकाबाईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती नवऱ्याकडे वळली आणि म्हणाली, "म्हना की परत."

त्याने परत म्हटलं, आणि मी बटण दाबलं.