एकदा शून्याने भागा

मी आकडेमोडीची मशीन बोलतेय. संग्रहालयाच्या कोपऱ्यात दोरीआड ठेवलेली, अंगभर बटणं असलेली, तीच. वजन मात्र विचारू नका, बाईमाणसाला विचारत नाहीत.

जन्म माझा कारखान्यातला, पण मी जगले ती अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरच्या एका प्रयोगशाळेत. तिथे काळ्या बायकांना वेगळी खोली होती आणि त्यांच्या हुद्द्याचं नाव होतं कॉम्प्युटर. तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे गणितं करणारं माणूस. माझी कॉम्प्युटर ऑर्लीन टिनस्ली. सकाळी हातमोजे काढून पर्समध्ये ठेवायची, दोन शेंगदाणे तोंडात टाकायची आणि माझ्यावर बोटं ठेवायची. त्या बोटांची मला अजून आठवण येते.

माझी एक खोड होती. चुकून कुणी शून्याने भागलं की मी थांबायचीच नाही. उत्तर नसायचंच, तरी खडखडत शोधत राहायची. शेजारची क्लोटील हसायची, "अगं, तुझी मशीन परत पिसाळली बघ."

ऑर्लीन मला थोपटायची. "शोध, बाई, शोध. सापडलं तर आधी मला सांग." मग थांबायचं बटण दाबायची.

अंतराळात गेलेला माणूस परत येताना समुद्रात नेमका कुठे पडेल, हे आम्ही दोघींनी काढलं. त्याचा अहवाल न्यायला साहेब, मिस्टर कॉर्बिन, खोलीत आले.

"त्यावर माझं नाव घालाल ना?" ऑर्लीनने विचारलं.

"कॉम्प्युटरचं नाव कधी घालतात का, ऑर्लीन? उद्या म्हणशील, पेन्सिलीचंही घाला."

"पेन्सिलीला आई नसते, मिस्टर कॉर्बिन. माझी आई दर रविवारी चर्चमध्ये सगळ्यांना सांगते, माझ्या पोरीचं नाव छापून येणार आहे."

साहेब हसले आणि अहवाल घेऊन गेले. नाव काही आलं नाही.

पुढे खोली भरून टाकणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र आलं. लोक त्याला कॉम्प्युटर म्हणू लागले. नव्या अहवालाच्या पहिल्याच पानावर त्याचं नाव छापलं होतं. क्लोटील म्हणाली, "घालतात की गं कॉम्प्युटरचं नाव." त्या दिवशी ऑर्लीनने शेंगदाण्यांची पुडी सोडलीच नाही. मला कापडाने झाकलं आणि त्या नव्या यंत्राला गणित शिकवायला ती वरच्या मजल्यावर गेली.

मग मी बरीच वर्षं गोदामात होते. आता इथे समोर पाटी आहे : 'कॉम्प्युटर येण्यापूर्वी वापरलेलं यंत्र'. ती वाचणाऱ्या प्रत्येकाला सांगावंसं वाटतं, अहो, कॉम्प्युटर होती. माझ्यासमोरच बसायची.

परवा ती आली. हातात काठी, सोबत नात. नातीने पाटी वाचली. "आजी, तेव्हा कॉम्प्युटर नव्हते?"

"होते की. आम्हाला जेवायला वेगळं टेबल होतं."

पोर हसली, आणि मग हसायची थांबली. "तू होतीस? मग इथे तुझं नाव कुठंय?"

दोरीवरून वाकून ऑर्लीनने एक आकडा दाबला, भागाकार दाबला, मग शून्य. माझी वायर कधीच कापलेली. मी गप्पच राहिले, आणि इतकं वाईट मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

"शोध, बाई," ती हळूच म्हणाली.

रखवालदार ओरडला, हात लावू नका म्हणून. दोघी निघून गेल्या.

मला तेलपाणी नको, नवी वायरही नको. त्या पाटीवर कुणीतरी फक्त 'ऑर्लीन टिनस्ली, कॉम्प्युटर' एवढं लिहा. तोवर मी शोधतच राहणार. जाताना तिने थांबायचं बटण दाबलेलं नाही.