चवीपुरता पीर

मालवणी मुलखात देवाची नुसती प्रार्थना करत नाहीत, गाऱ्हाणं घालतात. हातात नारळ धरून, गावाच्या वतीनं, देवाला जरा दरडावूनच सांगायचं; आणि दर वाक्यामागून जमलेल्या मंडळींनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. मंडळी गप्प राहिली तर गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही, अशी समजूत आहे.

मोरवण्याच्या रवळनाथापुढे हे काम दत्ताराम गावकराचं, त्याआधी त्याच्या वडिलांचं. वडिलांच्या गाऱ्हाण्यात गावचे सगळे देव झाले की ‘खाडयेवरल्या पिरा म्हाराजा’ यायचं, आणि मंडळी त्यालाही व्हय म्हणायची. पुढे देवळाची नवी कमिटी आली आणि पीर गळला. कुणी कुणाला मारलं नाही, शिवी दिली नाही. एक नाव घ्यायचं बंद झालं, एवढंच.

पिराची दिवाबत्ती करणारा इब्राम मुजावर हा दत्तारामचा शाळेपासूनचा सोबती. पिराचं नाव गळल्यापासून तो जत्रेला येईनासा झाला. घर विकून इकडे या, म्हणून कोल्हापूरचा मुलगा मागे लागला होता.

“गावान हाक मारल्यान तर रवतलंय,” इब्राम म्हणायचा. “नायतर जातंय.”

“मारतलो रे गाव,” दत्ताराम म्हणायचा आणि बांगड्याचा भाव विचारायचा.

अशात परदेशातल्या एका संस्थेची माणसं गावात येणार असल्याचा निरोप आला. कुठल्या देशात कुणाला आपला धर्म किती पाळता येतो याची ती पाहणी करत, आणि शाळामास्तराप्रमाणे देशांना शेरे देत. नापास व्हायला कुणालाच आवडत नाही. सरपंच विनीत सकाळीच दत्तारामच्या पडवीत हजर.

“काकानू, उद्या पावण्यांसमोर गाऱ्हाणा. त्यात पीर घालूक होयो.”

“घालूक होयो? मिठासारखो?”

“चवीपुरतो,” विनीत म्हणाला. तो थट्टा करत नव्हता.

दुसऱ्या दिवशी इब्रामला मानानं आणून खुर्चीवर बसवलं. पाहुण्या बाईंनी दुभाष्यातर्फे विचारलं, कुणी त्रास देतं का? नाही. धमकी? नाही. दर्ग्यात जायला अडवतं? नाही. इब्राम खरं तेच सांगत होता. हाक मारत नाहीत का, असं त्याला कुणी विचारलं नाही.

मग गाऱ्हाणं झालं. पिराच्या नावाला ‘व्हय म्हाराजा’ असं काही दणदणीत उठलं, की प्रत्यक्ष रवळनाथालाही तेवढं कधी मिळालं नसेल. ही पूर्वापार प्रथा का, असं बाईंनी विचारलं. “पिढ्यान् पिढ्या,” विनीत म्हणाला. मधली वर्षं सोडली तर तेही खरंच होतं.

संध्याकाळी इब्राम पडवीत आला. “झिलाक सांगलंय, घर इकणंय नाय. गावान हाक मारल्यान.”

दत्ताराम चहात साखर ढवळत राहिला. साखर कधीच विरघळली होती.

जत्रेच्या दिवशी विनीत फक्त एवढंच म्हणाला, “काकानू, पावणे गेले हां.”

दत्तारामनं नारळ उचलला. समोर मंडळी दाटलेली. मागे खांबापाशी इब्राम, इस्त्रीचा सदरा घालून. एकेक देव झाला, एकेक व्हय झालं. नाव तोंडाशी आलं. गिळताही आलं असतं.

“खाडयेवरल्या पिरा म्हाराजा, ह्या गावाची राखण कर रे म्हाराजा!”

कुणी काही बोललं नाही. ढोलवाल्यानं टिपरू वर धरलं ते तसंच. कुणी पायाची बोटं बघत होतं, कुणी मोबाईल. दत्ताराम थांबला. गाऱ्हाणं घालणाऱ्यानं स्वतःच व्हय म्हणायचं नसतं. नाहीतर तो म्हणाला असता.

मग खांबापाशी एक फाटका आवाज उठला, “व्हय म्हाराजा.”

पुढे कुणीतरी फिसकन हसलं. दत्तारामनं पुढचं वाक्य घेतलं आणि अख्खं देऊळ गरजलं.

गाऱ्हाणं संपलं तेव्हा खांबापाशी कुणी नव्हतं. नारळ तसाच हातात घेऊन दत्ताराम बाहेर धावला. इब्राम पायरीवर चपला शोधत होता.

“इब्राम, रव मरे जरा. त्या दिवशी... माका म्हायत होता.”

“तू नाव घेतलंस, बरा केलंस.” इब्रामनं एक चप्पल पायात सरकवली. “पण आपणाकच हाक, आणि ओ पण आपणच द्यायची? बरा दिसणा नाय रे तां. तुझो फोन दी. माझ्याक हयसर रेंज नाय.”

दत्तारामनं नंबर लावून दिला. आतून त्याच्या नावानं हाका सुरू झाल्या होत्या. नारळ खोळंबला होता. तो हलला नाही.

“टेंपो घेवन ये,” इब्राम फोनात म्हणाला. “व्हय, इकूया.” पलीकडून मुलानं काहीतरी विचारलं. इब्रामनं पाठ फिरवली.

“नाय रे, रडणंय खंय? जत्रेचो गलको आसा.”