बोल बोल, आहे कुणी

भोंग्याचा घसा नेमका त्याच दिवशी बसला.

भोंगा म्हणजे आमच्या हॅम रेडिओ मंडळाचा अध्यक्ष. जन्मभर वायरमनची कामं केली. शिडीवरून खालच्या माणसाशी बोलायची सवय, त्यामुळे शेजारी बसलेल्याशीही तो तसंच बोलतो. माझं उलट. माझी हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. तिथं तोंड उघडावं लागत नाही, म्हणून तर नोकरी टिकली. रेडिओवरही मी कधी माइकला हात लावला नाही. मोर्सची की, म्हणजे ठिपके-रेघा पाठवायचा खटका, दाबायची, दूरच्या कुणाशी तरी मनसोक्त गप्पा मारायच्या आणि तोंडातून अक्षर काढायचं नाही. माझ्यासारख्याला याहून सोयीचा छंद नसेल.

आमची एरियल शाळेच्या गच्चीवरच्या खोलीतून निघते. मुख्याध्यापिकाबाईंनी सरळच सांगितलं होतं, "मुलं येणार असतील तर खोली तुमची. नाहीतर मोडकी बाकं ठेवायला मला जागा हवीय." म्हणून आठवीच्या वर्गात प्रात्यक्षिक ठरलं. बोलणार भोंगा आणि की दाबणार मी. आणि आता भोंगा गळ्याला मफलर गुंडाळून माझ्याकडे बोट दाखवत होता.

मी सेट टेबलावर ठेवला, एरियलची वायर खिडकीतून आत घेतली आणि बोलायला लागलो. काय बोललो देव जाणे. ठिपका म्हणजे छोटा आवाज, रेघ म्हणजे लांब आवाज, हा तक्ता, ही अक्षरं. मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली. एकानं जांभई दिली आणि ती साथीसारखी पसरली.

एवढ्यात टेबलाच्या टोकाला बझर वाजला. सरावाची की भोंग्याच्या ताब्यात होती.

"ते आजोबा काय म्हणाले?" पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं. तिला वर्गात टकळी म्हणतात हे मला नंतर कळलं, पण अंदाज तेव्हाच आला होता.

"काही नाही."

"एवढं लांबलचक वाजलं आणि काही नाही?"

माझे कान तापले. "ते म्हणाले, गाढवा, मोठ्यानं बोल."

वर्ग खो-खो हसला. भोंग्यानं उठून वाकून नमस्कार केला. जांभया थांबल्या एवढं खरं. मला जरा धीर आला आणि आवाज चढवून मी फळ्याकडे वळलो. तिथं अर्धवट पुसलेल्या ठिपक्यारेघांची एक ओळ होती. भोंग्यानं तयारी करून ठेवलीय, मला बरं वाटलं.

"हे बघा, आमच्या अध्यक्षांनी तुमच्यासाठी संदेश लिहिलाय. आपण वाचू. रेघ, ठिपका, रेघ, ठिपका. म्हणजे सी. पुढे ठिपका, रेघ. ए. मग..."

मग काहीच जुळेना. मी चष्मा पुसला. भोंगा दोन्ही हात हलवून नाही नाही करत होता.

"आजोबा," टकळी हसू दाबत म्हणाली, "तो मराठीचा तास होता. बाईंनी वृत्त शिकवलं. ते लघु-गुरू आहेत. लघूच्या चंद्रकोरी पुसल्या गेल्यात, म्हणून ठिपके दिसताहेत."

पुन्हा हशा. एरवी मी जमिनीत गेलो असतो. पण माझं लक्ष हशाकडे नव्हतंच. आखूड आणि लांब. ल आणि गा. आयुष्यभर मी सकाळी कवितांची मुद्रितं तपासताना मात्रा मोजल्या आणि संध्याकाळी की दाबली, आणि या दोन गोष्टी कधी एकमेकींना भेटल्या नाहीत. एकाच घरात राहून बोलचाल नसलेल्या जावांसारख्या.

"थांबा," मी म्हणालो. "दिवा. लघु-गुरू सांगा."

"ल गा," चार-पाच आवाज.

मी भोंग्यापुढची की दाबली. टु टूं. "हा ए. तक्ता पाहू नका. नुसतं दिवा म्हणा. डी म्हणजे गा ल ल. कोण सांगतंय शब्द?"

"वादळ," मागून एक जण.

"एस? ल ल ल."

"गवत!"

"आर. ल गा ल."

"जमेल," खिडकीजवळचा चष्मेवाला म्हणाला. "शेवटचा ल पुरा म्हणायचा ना, कवितेतल्यासारखा?"

"अगदी तसाच."

मी तक्ता उलटा करून ठेवला. "आता मुख्य. रेडिओवर अनोळखी माणसाला साद घालायची तर दोन अक्षरं लागतात, सी आणि क्यू. गा ल गा ल. गा गा ल गा."

वर्ग बाकांवर बोटं आपटायला लागला. टकळी डोळे मिटून पुटपुटत होती.

"बोल बोल," ती म्हणाली.

"तिला दुसरं काय सुचणार," चष्मेवाला म्हणाला.

"गप रे. बोल बोल, आ... आहे... आहे कुणी. बोल बोल, आहे कुणी."

मी मोजलं. पुन्हा मोजलं. भोंग्यानं मफलर सोडला होता. या सादेचा अर्थच तो, बोला, कुणी आहे का तिकडे. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मी सेट सुरू केला. वर्ग एका सुरात म्हणत होता आणि माझं बोट त्यांच्या मागून चाललं होतं: बोल बोल, आहे कुणी, बोल बोल, आहे कुणी. मग आमची कॉल साइन, म्हणजे हवेतली आमची ओळख, आणि शेवटी सवयीनं एक अक्षर.

स्पीकरमधून नुसती खरखर. मुलं श्वास रोखून. मी पुन्हा साद घातली. मला वाटलं, संपलं, आता बाकंच येणार त्या खोलीत.

खरखरीतून एक बारीक शीळ वर आली. आमची कॉल साइन. दोनदा. मग त्याची, परक्या देशातली. मी पेन शोधत होतो, तोवर टकळी बाकावरून उठून टेबलाशी आली होती.

"शेवटी तो ‘बोल ना’ म्हणाला. तुम्हीही शेवटी तेच म्हणाला होतात."

गा ल गा. के. तुझी पाळी, आता तू बोल, असं सांगायचं असलं की आम्ही हेच अक्षर पाठवतो. माझ्या अंगावर काटा आला.

"मग बोला ना, आजोबा. तो थांबलाय."

मी बोललो. मुलं सांगत होती, मी पाठवत होतो; तिकडे पाऊस आहे का, तुम्ही किती म्हातारे, तुमच्याकडे शाळा आहे का. घंटा झाली तरी कुणी हललं नाही.

मुख्याध्यापिकाबाई दारात केव्हा येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही.

"खोलीत मावतील का एवढी?" त्यांनी विचारलं. "काका, दर शनिवारी शिकवायला तुम्हीच यायचं. यांचा घसा बरा झाला तरी. जमेल?"

सगळा वर्ग माझ्याकडे पाहायला लागला आणि माझा आवाज नेहमीसारखा पळाला. भोंग्यानं सरावाची की हळूच माझ्यापुढे सरकवली.

टु टूं टु.

"जमेल," वर्ग म्हणाला.