गप्प केलेलं जनुक

सेलिना फर्नांडिस टीचर मालवणच्या ज्युनिअर कॉलेजात सव्वीस वर्षं जीवशास्त्र शिकवत होत्या, त्यामुळे स्वतःचा रिपोर्ट त्यांना कुणाकडून समजावून घ्यावा लागला नाही. थायरॉईड काढून दोन वर्षं झाली होती, किरणोत्सारी आयोडीनही एकदा घेऊन झालं होतं. तरी कॅन्सर फुप्फुसांत उतरला, आणि तिथल्या गाठी आयोडीनला दाद देईनात.

गोव्याच्या हॉस्पिटलात डॉक्टर गौरजा भेटली. वालावल गावची मुलगी, वयाने टीचरांच्या विद्यार्थिनीसारखी. तिने आडपडदा ठेवला नाही.

"टीचर, आयोडीन आत ओढणारं जनुक तुमच्या गाठींत शाबूत आहे. पण त्याच्यावर मिथाइलचे कण चिकटलेत, म्हणून पेशीला ते वाचताच येत नाही."

"म्हणजे जनुक मेलेलं नाही. गप्प केलंय."

"अगदी. आमची नव्या उपचाराची चाचणी चालू आहे, त्यात आधी ते कण उतरवणारं औषध देतो, मग आयोडीन. चौदा जणांना दिलं, पाच जणांना उपयोग झाला."

"मग सहावी मी," म्हणत टीचरनी संमतिपत्रावर सही केली.

धाकट्या भावाला, आंतोनला, हे पटलं नाही. मालवणातच दांडीच्या किनाऱ्यावर त्याची खानावळ होती. औषधाबरोबर पथ्यही आलं: जेवणातून आयोडीन पोटात जाऊ नये म्हणून तीन आठवडे मासे बंद, आयोडीनचं मीठ बंद.

"बाय, प्रयोग तुझ्यारच कित्याक?" तो चिडून म्हणाला.

"सव्वीस वर्सां मी बेडकांर प्रयोग केलंय रे. आता माझो नंबर."

तो हसला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून तिच्यासाठी वेगळ्या टोपात भाजी शिजू लागली.

औषधाने टीचरांना चांगलंच लोळवलं. पांढऱ्या पेशी उतरल्या, आठ दिवस ताप हटेना. एका सकाळी पेज नुसती समोर ठेवून त्या बसून राहिल्या. आंतोन म्हणाला, "सोडूया?" टीचरनी वाटी उचलली. "अर्ध्यार सोडलेलो प्रयोग वहीत लिवूक येना नाय."

आधी थोडंसंच आयोडीन देऊन स्कॅन काढला, तेव्हा गौरजाने पडदा त्यांच्याकडे वळवला. मागच्या खेपेला फुप्फुसांच्या जागी काहीच उमटलं नव्हतं. आता उजवीकडे तीन काळे ठिपके ठळक दिसत होते. गाठींनी आयोडीन घेतलं होतं.

"आणि डावीकडची गाठ?" टीचरनी विचारलं.

"ती अजून गप्पच आहे."

त्याच आठवड्यात आयोडीनचा मोठा डोस दिला. सहा महिन्यांनी उजवीकडच्या गाठी निम्म्यावर आल्या होत्या, डावीकडची होती तेवढीच होती. गौरजाने उपचाराच्या दुसऱ्या फेरीबद्दल जपूनच विचारलं. टीचरनी पर्समधून डायरी काढली.

"फेब्रुवारीत बारावीची प्रात्यक्षिकं आहेत," त्या म्हणाल्या. "त्यानंतरची कुठलीही तारीख चालेल."