एका दुकानाची नऊ दुकानं

“तुकडे करायचे? माझ्या दुकानाचे?” मालक खुर्चीतून अर्धे उठलेच. “बाई, वडिलांपासून ही जागा अख्खी एकालाच दिलीय आम्ही!”

“तो एक तर दोन वर्षांपूर्वी गाशा गुंडाळून गेला, काका,” ताई म्हणाल्या. “या मंदीत एवढी जागा घ्यायला कोण धजावणार? लहान गाळे मात्र जातील. मी फिरून आलेय.”

दुकानं, ऑफिसं भाड्याने लावून देणाऱ्या कचेरीत ताईंची सव्वीस वर्षं गेली होती. बड्या कंपन्यांशी साहेब बोलायचे. ताई कुलूप उघडून जागा दाखवायच्या. मंदीत बाराजणांची कचेरी तिघांवर आली, साहेबांनी हात टेकले. मग ताईंनीच पायपीट सुरू केली. घरी केक करणारी, जिन्याखाली घड्याळं दुरुस्त करणारा, जो भेटेल त्याला विचारायच्या, “दुकान थाटता का?” आधी सगळे हसले. मग एकेक जण जागा बघायला येऊ लागला.

त्यात मालकांच्या याच जागेत बंद पडलेल्या कापडाच्या शोरूमचा जुना विक्रेता होता. बावीस वर्षं त्याने इथेच सुटाचं कापड विकलं होतं.

“ताई, मी जन्माचा नोकर. मला कुठला धंदा जमतोय?”

“दारातल्या माणसाचं माप तुम्ही नुसत्या नजरेनं घेता. बाकीचं जमेल हळूहळू.”

मालक महिनाभर अडून बसले. शेवटी म्हणाले, “बंद शटर बघून डोळे शिणले. करा काय ते.”

नऊ गाळे उघडले त्या सकाळी ताई बाहेर दारातच उभ्या होत्या. कुणी फिरकलंच नाही तर? आधी एक आई मुलीला घेऊन आत गेली. मग दोघं म्हातारे. अकराच्या सुमाराला तर दारात रीघ लागली. ताई आत शिरल्या नि जागीच थबकल्या. हसणं, घासाघीस, ताज्या केकचा वास. सगळं छतापर्यंत भरून गेलं होतं. मालक तोंडात बोट घालून उभे.

“एवढी माणसं होती कुठे इतके दिवस?” ताई स्वतःशीच पुटपुटल्या.

गळ्यात टेप टाकलेला विक्रेता एका तरुणाच्या खांद्याचं माप घेत होता. “श्वास सोडा, साहेब. सैल उभे राहा.”

“ओ बाई,” मागून कुणीतरी म्हणालं, “रांगेत आहात का? नाहीतर जरा बाजूला व्हा ना.”

“व्हा, व्हा पुढे,” म्हणत ताई सरकल्या आणि भिंतीला पाठ टेकून बघत राहिल्या.