चौथी ओळ

“गुरुजी, ही चौथी ओळ कुनी सांगितली?”

शाळेच्या फाटकाशी उभ्या केलेल्या काळ्या दगडावरचं बोट सुकेशनीनं अजून काढलं नव्हतं. लसींचा डबा खांद्याला तसाच लटकत होता. स्मारकाचा मजकूर भगवानराव गुरुजींनी लिहिला होता. त्यांनी चष्मा वर सरकवला.

“मीच लिहिली, ताई. काय चुकलं का शुद्धलेखन?”

“त्यांना गोळी लागली नव्हती.”

“ते समद्या गावाला माहीत हाय. पन दगडावर अपघात लिहायचा का? पोरं रोज वाचतेत. हेलिकॉप्टर पडलं म्हनलं की वाचनाऱ्याचं मन भरत न्हाई.”

दगडावर पहिल्या तीन ओळींत शहीद सिद्धोधन, त्याचं गाव आणि तारीख होती. चौथी ओळ होती : ‘शत्रूशी झुंजताना छातीवर गोळी झेलली.’ परवा सव्वीस जानेवारी, पाहुण्यांच्या हस्ते अनावरण.

सुकेशनी लसीकरणाला निघून गेली. पण त्या दिवशी तिचं कशात चित्त लागेना. एका बाळाच्या कार्डावर तिनं चुकीची तारीख टाकली, खोडली, पुन्हा तीच टाकली. कुणी चहा पुढे केला तर दोन घोट घेऊन ती उठली.

ती बोरीकडच्या एका उपकेंद्रात नर्स होती. तिचा नवरा सिद्धोधन गेला तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. तो फौजेत होता, पण बंदूक चालवणाऱ्यांतला नव्हता. जखमींची शुश्रूषा करणाऱ्यांतला होता. सुट्टीवर आला की वांग्याला सुई टोचून तिला इंजेक्शन द्यायला शिकवायचा. नव्व्याण्णवच्या लढाईत वरच्या ठाण्यांवरून जखमींना खाली आणायचं काम त्याच्याकडे होतं. एका सकाळी तिसऱ्या खेपेला धुकं उतरलं आणि हेलिकॉप्टर डोंगरावर आदळलं. आतलं कुणीच वाचलं नाही. आठव्या दिवशी बंद पेटी गावात आली. उघडू नका, असं सोबतच्या जवानांनी हात जोडून सांगितलं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी श्रद्धांजलीला येऊन ओसरीत बसलेलं कुणीतरी म्हणालं होतं, “लढाईत कुटं गेला? अपघातच की त्यो.” ते वाक्य सुकेशनीनं भाकरी थापताना ऐकलं. पुढं ती बारावी झाली, नर्सिंग शिकली, नोकरीला लागली. सव्वीस वर्षं झाली, तरी ते वाक्य कधीही, कुठंही कानात यायचं. मग हातातलं काम तिथंच टाकून ती उगाच दारापर्यंत जाऊन यायची.

दुपारी ती सरपंचांच्या, माणिकरावांच्या दारात उभी राहिली.

“परवा पाहुने यायलेत, अन् आता तुमी दगड फोडा म्हनायल्या?” माणिकराव चकित झाले.

“फोडू नका. एक ओळ काढा.”

“लोक चांगलंच म्हनायलेत ना? मग तरास कामून करून घेता?”

“सरपंच, इतकी वर्सं गाव म्हनलं, अपघात. आता म्हनायलं, गोळी. त्यांनी तितं काय काम केलं, हे कुनीच म्हनत न्हाई.”

माणिकराव हळू आवाजात म्हणाले, “सिस्टर, घरी जाऊन म्हातारीला इचारा. गोळीचं लिहा म्हनून तिनंच गुरुजीचे पाय धरले. तुमाला सांगू नका म्हनली. ती हो म्हनली तर उद्या कारागीर बोलावतो.”

सुकेशनी घरी आली तेव्हा लक्ष्मीबाई अंगणात हरभऱ्याची भाजी निवडत बसल्या होत्या. आत भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब आणि त्यांच्या शेजारी वर्दीतला सिद्धोधन. सासूला ती आत्या म्हणत असे. दोघीच घरात.

“आत्या, गुरुजीला गोळीचं तुमी सांगितलं?”

“सांगितलं.”

“कामून? तुमाला माहीत न्हाई का?”

म्हातारीनं दोन-तीन काड्या निवडल्या. “गोळी लागली की मानूस लगेच जातंय ना गं? तू नर्स हाईस. सांग.”

“कदी कदी.”

“वरून पडायला येळ लागतो.” त्यांचे हात थांबले. “ल्हानपनी मी लिंबावरून पडले होते. एवढंसं झाड. तरी खाली येईस्तोर मला समदं दिसलं. माय दिसली, दावणीची गाय दिसली. त्यो तर केवढ्या उंचावून, सुके! त्याला कळलं आसंल. मला हाक मारली आसंल.” त्यांनी पदर तोंडाला लावला. “रोज पडायलाय त्यो माझ्या डोळ्याम्होरं. वाटलं, गोळी लिवली तर थांबंल.”

सुकेशनी तिथंच खाली बसली. दारापर्यंत जाऊन येणारी या घरात आपण एकटीच, असं तिला आजवर वाटत होतं.

थोड्या वेळानं ती उठली आणि ट्रंकेतलं पत्र घेऊन आली. सिद्धोधनच्या सुभेदारानं ते लिहिलं होतं. आत्याला तिनं ते आजवर अर्धंच वाचून दाखवलं होतं. एक परिच्छेद ती दर वेळी गाळायची. आज तिनं तो वाचला. तिसऱ्या खेपेला सिद्धोधनची पाळी नव्हती. पण एका जखमी पोराची शीर सापडत नव्हती. ती सिद्धोधनला सापडली. सुई हलू नये म्हणून सलाईनची बाटली हातात धरून तोही त्याच्यासोबत चढला.

लक्ष्मीबाईंनी तोंडावरचा पदर काढला. “म्हंजी, गेला नसता तरी चाललं असतं?”

“हो.”

“अन् तू हे सव्वीस वर्सं पोटात ठिवलं?”

सुकेशनीनं मान हलवली. मग ती जवळ सरकली. “आत्या, शीर सापडत नसली ना, तर भाईर ऊन हाय का पानी, मला काई कळत न्हाई. बाळाची माय रडत आसती, ते बी ऐकू येत न्हाई. त्यांचं ध्यान त्या पोराच्या हातावर आसंल. खाली बगायला त्यांना सवडच नव्हती.”

हे पत्रात नव्हतं. पण आपण खोटं बोललो, असंही तिला वाटलं नाही.

“नाव काय होतं त्या पोराचं?”

“लिवलं न्हाई.”

“त्याला बी माय आसंल,” लक्ष्मीबाई म्हणाल्या. त्यांनी भाजीची पाटी पुढं ओढली, दोन काड्या निवडल्या आणि पुन्हा थांबल्या. “माणिकरावाला सांग, काढ म्हनावं.”

दुसऱ्या दिवशी जिंतूरहून बालाजी कारागीर आला. मशीन लावून त्यानं चौथी ओळ घासून काढली. तिथं दगडाला उथळ खळगा पडला, चकाकीही गेली.

“डाग दिसंल जरा,” तो ओशाळून म्हणाला.

“दिसू दे,” सुकेशनी म्हणाली.

गुरुजींनी विचारलं, “काय लिहायचं, ताई?” जागा थोडी होती. तिनं तिथंच उभं राहून सांगितलं, ‘जखमींना घेऊन येताना.’ गुरुजींनी कागदावर लिहिलं, एकदा मनाशी वाचलं आणि काही न बदलता बालाजीच्या हाती दिलं.

लक्ष्मीबाईंना वाचता येत नव्हतं. त्या दगडापासून हातभर अंतरावर उन्हात बसून राहिल्या. छिन्नी थांबली की विचारायच्या, “आता कंचं अक्षर?” बालाजी सांगायचा. त्या मान हलवायच्या. शाळा सुटली, पोरं बघून गेली, गुरुजी जेवायला गेले. दगडाची बारीक भुकटी उडत होती. म्हातारीच्या पांढऱ्या केसांवर, भुवयांवर, मांडीवरच्या उघड्या तळहातांवर बसत होती.

सुकेशनी पदरानं त्यांचं तोंड पुसायला वाकली, तशी लक्ष्मीबाईंनी तिचा हात धरला.

“ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या. “व्हऊ दे त्याचं पुरं.”